दोर उतरल्यानंतर : योकोझुना ताकानोहानाच्या निवृत्तीचा इतिहास

खेळाडूचे चरित्र लिहिणारे बहुधा त्याच्या निवृत्तीपाशी थांबतात. अखेरचा सामना, चाहत्यांचा निरोप आणि विजयांचे आकडे नोंदवले की ग्रंथ पुरा होतो. उरलेले आयुष्य परिशिष्टात जाते. जपानच्या सुमो या मल्लविद्येला मात्र ही रीत लावता येत नाही. तेथे निवृत्त होणाऱ्या मल्लाच्या माथ्यावरची केसांची गाठ समारंभपूर्वक कापली जाते. ज्याने ज्येष्ठपदाचा हक्क मिळवला आहे असा मल्ल त्यानंतर त्याच संस्थेत गुरू, पंच आणि कारभारी म्हणून वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत राहतो. तालमी चालवणारे, कुस्तीचा निवाडा करणारे, नियम करणारे आणि ते मोडणाऱ्यांना शासन करणारे बहुतेक सारे लोक कालचे मल्लच असतात. म्हणून सुमो या संस्थेचा इतिहास मोठ्या प्रमाणावर निवृत्तांचा इतिहास आहे, आणि तिच्या अंतरंगातील ताण पाहायचा असेल तर आखाड्यापेक्षा आखाड्यामागच्या दालनांत अधिक पाहावे लागते.

या दृष्टीने पासष्टावा योकोझुना ताकानोहाना कोजी याचे उदाहरण विशेष बोलके आहे. त्याने २२ स्पर्धा जिंकल्या. २००३ च्या जानेवारीत, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. संस्थेने त्याचा असा सन्मान केला की जो त्याच्यापूर्वी केवळ दोघांनी स्वीकारला होता. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २०१८ च्या १ ऑक्टोबरला, तो त्याच संस्थेतून कायमचा बाहेर पडला. त्याची तालीम बंद झाली आणि त्याचे शिष्य दुसऱ्या गुरूकडे सोपवले गेले. या पंधरा वर्षांत काय घडले, आणि ज्याला परंपरेचा मूर्तिमंत आदर्श मानले गेले त्यालाच परंपरेच्या घरात जागा का उरली नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१

प्रथम पदाविषयी. ‘योकोझुना’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘आडवा दोर’. शिंतो देवस्थानांत पवित्र स्थळाची सीमा दाखवण्यासाठी जसा वळलेला दोर बांधतात, तशाच प्रकारचा जाड पांढरा दोर कमरेला बांधून हा मल्ल स्पर्धेच्या दिवशी आखाड्यात उतरतो. १७८९ साली तानिकाझे आणि ओनोगावा या दोन मल्लांना असा दोर बांधण्याची अनुज्ञा मिळाली, तेव्हा तो केवळ मानाचा अलंकार होता. मानांकनपटावर ‘योकोझुना’ हा शब्द प्रथम १८९० साली उमटला, आणि १९०९ साली त्याला स्वतंत्र श्रेणीचे स्थान मिळाले. १९५० पासून या पदाच्या शिफारशीसाठी संस्थेबाहेरच्या मान्यवरांची एक मंडळी नेमली जाऊ लागली. ही मंडळी मल्लाच्या बळाबरोबर त्याच्या ‘हिंकाकू’चा, म्हणजे शील आणि प्रतिष्ठा या दोहोंचा समावेश असलेल्या एका गुणाचा, विचार करते.

या पदाचे एक वैशिष्ट्य पुढील घटनाक्रमाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. इतर सर्व श्रेणींतील मल्ल हरला की खाली उतरतो. योकोझुना उतरू शकत नाही. सामर्थ्य ओसरले की त्याला एकच वाट मोकळी असते, ती निवृत्तीची. माघार आणि तडजोड या दोन गोष्टी या पदाच्या व्याकरणातच बसत नाहीत.

दुसरी गोष्ट ज्येष्ठपदाची. सुमोतील ज्येष्ठांची १०५ नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. निवृत्त मल्ल त्यांतील एखादे नाव धारण करतो आणि त्या नावाने ओळखला जातो. हा हक्क दीर्घकाळ एका ज्येष्ठाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होत आला, आणि त्यात पैशाचा व्यवहारही होत असे. आपल्याकडील वतनाची कल्पना ज्यांना परिचित आहे त्यांना या हक्काचे स्वरूप चटकन उमगेल : नाव, मान, उत्पन्न आणि उत्तरदायित्व एकत्र बांधून वारशाने वा मोलाने दिले-घेतले जाते. चौपन्नावा योकोझुना वाजिमा याने निवृत्तीनंतर हानाकागो तालमीची सूत्रे हाती घेतली, आणि कर्जापोटी हा हक्कच गहाण ठेवला. परिणामी १९८५ साली त्याला संस्था सोडावी लागली. चौदा स्पर्धा जिंकलेला हा मल्ल पुढे व्यावसायिक कुस्तीच्या रंगमंचावर उतरला. २०१४ च्या सुमारास संस्थेला सार्वजनिक हिताच्या प्रतिष्ठानाचा दर्जा मिळाला, तेव्हा हे हक्क संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आणले गेले.

अपवादात्मक कर्तृत्वाच्या योकोझुनाला मात्र या १०५ नावांपैकी एकही घ्यावे लागत नाही. त्याला आपल्या मल्लनामानेच, एका पिढीपुरते, ज्येष्ठपद दिले जाते. ३२ स्पर्धा जिंकणारा ताइहो आणि २४ जिंकणारा कितानोउमी यांनी हा मान स्वीकारला. चियोनोफुजीला तो देऊ करण्यात आला, पण त्याने नाकारला. त्यानंतर तो ताकानोहानाकडे आला. हा मान वारशाने देता येत नाही. तो धारण करणाऱ्याबरोबर संपतो. पुढे जे घडले त्याच्या प्रकाशात ही अट विलक्षण अर्थपूर्ण वाटते.

२

ताकानोहानाचा जन्म १२ ऑगस्ट १९७२ चा, हानादा घराण्यातला. त्याचे चुलते पहिले वाकानोहाना हे पंचेचाळिसावे योकोझुना, आणि १९८८ ते १९९२ या काळात संस्थेचे अध्यक्ष होते. वडीलही ताकानोहाना याच नावाने पन्नास स्पर्धा ओझेकी या दुसऱ्या क्रमांकाच्या श्रेणीत लढले. त्यांना योकोझुनापद कधी लाभले नाही, तरी लोकप्रियतेत ते कोणाहून कमी नव्हते. १९८८ च्या मार्चमध्ये कोजी आणि त्याचा थोरला भाऊ मासारू हे दोघे वडिलांच्याच तालमीत दाखल झाले. त्या दिवसापासून वडील हे वडील राहिले नाहीत, ‘ओयाकाता’ म्हणजे वस्ताद झाले. घर आणि तालीम एकाच वास्तूत असूनही मुलांचे स्थान इतर नवशिक्यांच्या रांगेत ठरले. बापलेकांचे नाते गुरुशिष्याच्या नात्यात विसर्जित करण्याचा हा प्रसंग जपानी जनतेने दूरचित्रवाणीवर पाहिला. या घराण्याच्या कथेची जी सार्वजनिक मालकी पुढे प्रस्थापित झाली, तिचा आरंभ बहुधा येथेच शोधावा लागेल.

त्याच महिन्यात हवाईहून आलेला एक उंचापुरा तरुण आकेबोनो या नावाने आखाड्यात उतरला. ताकानोहाना आणि आकेबोनो यांच्या नियमित लढतींचा अखेरचा हिशेब २१-२१ असा समसमान आहे. एका दशकाचा सुमो या दोघांच्या स्पर्धेतून समजून घेता येतो.

ताकानोहानाचा उदय विस्मयकारक होता. १९९१ च्या मे महिन्यातील स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी अठरा वर्षांच्या या मल्लाने (तेव्हा त्याचे नाव ताकाहानादा होते) महान योकोझुना चियोनोफुजीला हरवले, आणि दोनच दिवसांनी चियोनोफुजीने निवृत्ती जाहीर केली. १९९२ च्या जानेवारीत, एकोणिसाव्या वर्षी, त्याने पहिली स्पर्धा जिंकली. एवढ्या लहान वयात हा मान पूर्वी कोणाला मिळाला नव्हता. सम्राट-चषक त्याच्या हाती देणारे अध्यक्ष त्याचे चुलतेच होते. १९९३ मध्ये ओझेकी होताना त्याने वडिलांचे मल्लनाम धारण केले.

योकोझुनापद मात्र सहज मिळाले नाही. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये त्याने पंधराच्या पंधरा लढती जिंकल्या. तरीही सलग दोन विजेतेपदांची अट पुरी झाली नसल्याने शिफारस मंडळीने त्याला नाकारले. नोव्हेंबरात त्याने पुन्हा पंधराही लढती जिंकल्या, आणि प्रश्न मिटवला. पदग्रहणाच्या वेळी, निरोप घेऊन आलेल्या संस्थेच्या दूतांसमोर, त्याने जे व्रत उच्चारले त्याचा आशय ‘देहप्राणाची पर्वा न करता’ असा होता. ही चार अक्षरांची संज्ञा सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चिनी अनुवादातून जपानी भाषेत रुजली आहे. भारतात उगम पावलेल्या धर्मविचारातील आत्मसमर्पणाची कल्पना अशा रीतीने एका मल्लाच्या शपथेत येऊन पोहोचली. या शब्दांकडे केवळ औपचारिक म्हणून पाहता येत नाही. त्यानंतरचे त्याचे सारे वर्तन, त्यातील थोर आणि विपरीत असे दोन्ही भाग, या शपथेच्या अक्षरशः पालनातून उलगडते असे माझे मत आहे.

१९९५ च्या नोव्हेंबरात दोघे भाऊ विजेतेपदाच्या निर्णायक लढतीत समोरासमोर आले, आणि थोरला जिंकला. १९९८ मध्ये थोरला भाऊ वाकानोहाना या नावाने सहासष्टावा योकोझुना झाला. दोन सख्खे भाऊ योकोझुना होण्याचा प्रसंग सुमोच्या इतिहासात दुसरा नाही. परंतु त्याच वर्षी या दोघांतील वितुष्ट उघड झाले. थोरला २००० साली निवृत्त झाला आणि लवकरच संस्थाही सोडून गेला.

३

२००१ च्या मे महिन्यातील स्पर्धेत ताकानोहानाने पहिल्या तेरा लढती जिंकल्या. चौदाव्या दिवशी मुसोयामाविरुद्ध तो हरला आणि त्याच्या उजव्या गुडघ्याला गंभीर इजा झाली. अखेरच्या दिवशी त्याने आखाड्यात उतरू नये असे सांगणारे अनेक होते. तो उतरला. मुसाशिमारूविरुद्धची नियमित लढत तो जवळजवळ प्रतिकाराविना हरला. दोघांचे गुण सारखे झाल्याने निर्णायक लढत घ्यावी लागली, आणि तीत त्याने मुसाशिमारूला फेकले. त्या क्षणी नेहमी निर्विकार असणाऱ्या त्याच्या मुद्रेवर उमटलेला उग्र भाव जपानमध्ये आजही सांगितला जातो. नुकतेच पंतप्रधान झालेले कोइझुमी स्वतः चषक देण्यासाठी आखाड्यात आले. वेदना सोसून हा लढला, मन हेलावून गेले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी उच्च स्वरात काढले, आणि ते उद्गार त्या वर्षीचे सर्वतोमुखी वाक्य ठरले.

हे त्याचे बाविसावे आणि अखेरचे विजेतेपद होते. पुढील सलग सात स्पर्धांना तो मुकला. ज्यांनी त्याच्या वेदनेचे कौतुक केले होते त्यांतलेच काही आता त्याच्या अनुपस्थितीवर बोट ठेवू लागले. २००२ च्या सप्टेंबरात तो परतला, बारा लढती जिंकला, आणि अखेरच्या दिवशी मुसाशिमारूकडूनच हरला. २००३ च्या जानेवारीत खांद्याची दुखापत झाली, तरी मध्येच थांबून तो पुन्हा उतरला, हरला, आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच स्पर्धेचा विजेता मंगोलियाचा असाशोर्यू लगेच योकोझुना झाला. पुढे चौदा वर्षे, २०१७ च्या जानेवारीत किसेनोसातोची निवड होईपर्यंत, जपानमध्ये जन्मलेला एकही मल्ल या पदापर्यंत पोहोचू शकला नाही. परिणामी निवृत्त ताकानोहाना हा इच्छा असो वा नसो ‘अखेरचा जपानी योकोझुना’ या भूमिकेत चौदा वर्षे उभा राहिला.

येथे एक निरीक्षण नोंदवणे आवश्यक आहे. त्या मे महिन्यातील अखेरच्या दिवसाने ताकानोहानाला एक धडा शिकवला : सर्वांचा सल्ला धुडकावून, स्वतःचे नुकसान पत्करून, एकट्याने घेतलेला निर्णय योग्य ठरतो आणि राष्ट्र त्याला वंदन करते. मल्लासाठी हा धडा भव्य आहे. समितीत बसणाऱ्या माणसासाठी तो घातक आहे.

४

२००४ मध्ये वडिलांच्या फुतागोयामा तालमीला ताकानोहाना तालीम हे नाव मिळाले. वर्षभरातच, ३० मे २००५ रोजी, वडील वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निवर्तले. अंत्यविधीच्या वेळी भावांमधील दुरावा पुन्हा चव्हाट्यावर आला. हे घराणे एकेकाळी जपानी कुटुंबाचा आदर्श म्हणून दाखवले गेले होते. त्याचे विघटनही आता तितक्याच हौसेने दाखवले गेले. या कौटुंबिक प्रकरणात अधिक खोलात जाण्याचे कारण नाही. मात्र गुरुशिष्य-नात्यात बुडवलेले पितापुत्र-नाते त्या गुरूच्या मृत्यूनंतर पुन्हा वर येत नाही, एवढे त्यातून दिसते.

ज्येष्ठ म्हणून ताकानोहाना सुधारणेचा पुरस्कर्ता ठरला. सुमोतील तालमी पाच गटांत विभागलेल्या आहेत. संचालक मंडळाच्या जागा या गटांत आधीच वाटून घेतल्या जात, आणि पुष्कळदा निवडणूक केवळ नावापुरती उरत असे. २०१० च्या जानेवारीत ताकानोहानाने आपला गट सोडला, मोजक्या पाठीराख्यांसह स्वतंत्र उमेदवारी केली, आणि १ फेब्रुवारीला सर्वांचा अंदाज चुकवून तो निवडून आला. गटाचा आदेश मोडून त्याला मत देणाऱ्या एका ज्येष्ठावर संस्था सोडण्याची पाळी येता येता टळली. गुप्त मतदानातील मत शोधून काढावे असे ज्या संस्थेला वाटते, तेथे मतभेद आणि द्रोह यांतील सीमारेषा किती पुसट असते हे यातून कळते.

तो काळ संस्थेच्या अप्रतिष्ठेचा होता. २००७ मध्ये एका तालमीत सतरा वर्षांच्या नवशिक्याचा ‘शिकवणी’च्या नावाखाली झालेल्या मारहाणीत मृत्यू झाला होता आणि वस्तादाला शिक्षा झाली होती. २०१० मध्ये बेसबॉलवरील जुगाराचे प्रकरण उघडकीस आले, आणि ताकानोहानाचा जुना तालीमबंधू व पाठीराखा ओताके याला संस्थेतून काढून टाकण्यात आले. २०११ मध्ये ठरवून लढती हरल्याचे पुरावे मिळाले आणि मार्चची स्पर्धाच रद्द करावी लागली. शुद्धीकरणाची भाषा बोलणाऱ्या ताकानोहानाकडे या पार्श्वभूमीवर आशेने पाहिले गेले, हे स्वाभाविक होते. २०१५ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष कितानोउमी यांचे निधन झाले. २०१६ च्या मार्चमध्ये ताकानोहानाने अध्यक्षपदासाठी हाक्काकू यांच्याविरुद्ध आव्हान दिले, आणि संचालकांच्या मतदानात सहा विरुद्ध दोन असा त्याचा पराभव झाला. येथून पुढे मंडळात बसलेला ताकानोहाना हा मंडळाबाहेरचाच माणूस होता.

५

२०१७ च्या २५ ऑक्टोबरच्या रात्री प्रादेशिक दौऱ्यावरील मल्ल तोत्तोरी शहरात मुक्कामाला होते. मंगोलियन मल्लांच्या एका बैठकीत योकोझुना हाकुहो ताकानोइवा या तरुण मल्लाला काही समजावत होता. त्या वेळी ताकानोइवाने हातातल्या दूरध्वनीकडे पाहिले. हा उद्धटपणा मानून योकोझुना हारुमाफुजीने त्याला हातांनी आणि गायनयंत्राच्या दूरनियंत्रकाने मारहाण केली. डोक्याला जखम झाली. ताकानोइवा हा ताकानोहानाच्या हाताखाली घडून वेतनदार श्रेणीत पोहोचलेला पहिला शिष्य. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याने हाकुहोला हरवल्यामुळे किसेनोसातोचे विजेतेपद निश्चित झाले होते, आणि जपानी योकोझुनाची चौदा वर्षांची प्रतीक्षा संपली होती.

ताकानोहाना तेव्हा संस्थेच्या दौरे विभागाचा प्रमुख होता. दौऱ्यावर घडलेली घटना संस्थेला कळवणे हे त्याचे कर्तव्य होते. त्याने संस्थेला कळवले नाही. तो पोलिसांकडे गेला. नोव्हेंबरच्या मध्यास, स्पर्धा चालू असताना, वृत्तपत्रांनी बातमी फोडली. संस्थेच्या चौकशी समितीने ताकानोइवाची जबानी मागितली. वस्तादाने ती दीर्घकाळ देऊ दिली नाही. २९ नोव्हेंबरला हारुमाफुजीने निवृत्ती पत्करली. पुढे न्यायालयाने त्याला दंड ठोठावला.

या प्रसंगी दोन न्याय एकमेकांसमोर उभे ठाकले. पहिला न्याय घरचा : तालीम हे घर, मल्ल ही मुले, आणि घरातली मारहाण घरातच मिटवायची. दुसरा न्याय राज्याचा : मारहाण हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्याची चौकशी पोलिसांनी करायची. २००७ च्या मृत्यूनंतरही संस्थेचा पहिला कल घरच्या न्यायाकडेच होता. ताकानोहानाने तो कल मोडला, आणि तत्त्वतः तो बरोबर होता असे म्हणावे लागते. परंतु त्याने हे तत्त्व उघडपणे मांडले नाही. आठवड्यांमागून आठवडे तो पत्रकारांसमोरून गडद उपरणे गुंडाळून मुकाट चालत राहिला. मल्लाचे मौन ही त्याची प्रतिष्ठा असते. सामन्यानंतर चार शब्द पुटपुटणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. कारभाऱ्याचे मौन मात्र उत्तर टाळल्यासारखे दिसते. त्या मौनात जखमी शिष्याचा आवाजही दडपला गेला, ही बाब त्याच्या समर्थकांनी पुरेशी लक्षात घेतली नाही.

४ जानेवारी २०१८ रोजी त्याला संचालकपदावरून दूर करण्यात आले. फेब्रुवारीच्या निवडणुकीत तो पुन्हा उभा राहिला. त्याला दोन मते पडली. ९ मार्चला त्याने संस्थेच्या चौकशीविरुद्ध थेट मंत्रिमंडळ कार्यालयाकडे तक्रार केली. आणि मग असे घडले की एखाद्या नाटककाराने रचले असते तर ते कृत्रिम वाटले असते. त्याच महिन्यातील स्पर्धेत त्याच्याच तालमीतील ताकायोशितोशी या नव्याने वेतनदार झालेल्या मल्लाने आपल्या सेवक-मल्लाला मारहाण केली. हिंसेविरुद्ध उभ्या राहिलेल्या वस्तादाच्या घरातच हिंसा निघाली. ताकानोहानाने तक्रार मागे घेतली, सहकाऱ्यांसमोर मान झुकवली, आणि ज्येष्ठांच्या सर्वांत खालच्या पायरीवर उतरवला जाणे मान्य केले. योकोझुना म्हणून जी गोष्ट अशक्य होती, ती ज्येष्ठ म्हणून त्याच्या वाट्याला आली : त्याची श्रेणी खाली आली.

त्या वर्षीच्या जुलैत संस्थेने असा निर्णय केला की प्रत्येक तालमीने पाचांपैकी एका गटात असलेच पाहिजे. मुदत सप्टेंबरअखेरची होती. २५ सप्टेंबरला ताकानोहानाने वार्ताहर परिषद घेतली. आपली जुनी तक्रार निराधार होती असे कबूल केले तरच गटात प्रवेश मिळेल, असा दबाव आपल्यावर आणला गेला, असे त्याने सांगितले. संस्थेने असा दबाव असल्याचे नाकारले. त्याने संस्थेकडे जो कागद दिला तो ‘निवृत्ती’चा होता. संस्थेने कळवले की निवृत्ती मल्लाची असते; ज्येष्ठाने नोकरीचा राजीनामा द्यावयाचा असतो. या शब्दभेदाकडे केवळ कारकुनी बाब म्हणून पाहू नये. पंधरा वर्षांनंतरही तो स्वतःला मल्ल समजत होता, आणि संस्था त्याला कर्मचारी समजत होती. साऱ्या संघर्षाचे मर्म त्या दोन कागदांत सापडते. १ ऑक्टोबरला त्याचे आठ मल्ल चिगानौरा तालमीत गेले. पुढच्याच महिन्यात त्यांतील ताकाकेइशो याने वयाच्या बाविसाव्या वर्षी स्पर्धा जिंकली. गुरूला तो विजय संस्थेबाहेरून पाहावा लागला. डिसेंबरात ताकानोइवाने, तोत्तोरीच्या त्या रात्रीच्या बळीने, स्वतःच आपल्या सेवक-मल्लाला मारहाण केली आणि निवृत्ती घेतली.

६

ही कथा शोकांतिका म्हणून वाचण्याचा मोह साहित्याच्या अभ्यासकाला होतो. थोर कुळ, अलौकिक गुण, त्या गुणातच दडलेला दोष, आणि शेवटी पतन, अशी सारी सामग्री येथे सिद्ध आहे. परंतु शोकांतिकेची चौकट एका नायकावर प्रकाश टाकते आणि बाकीच्यांना अंधारात ठेवते. ज्यांना मारहाण झाली ते सेवक-मल्ल कोण, हे त्या चौकटीत विचारलेच जात नाही. सुमोच्या सहा श्रेणींपैकी वरच्या दोनच श्रेणींतील मल्लांना वेतन मिळते. उरलेले बहुसंख्य तरुण स्वयंपाक, झाडलोट आणि वरिष्ठांची सेवा करत वर जाण्याची वाट पाहतात. ताकानोइवा आधी मार खातो आणि वर्षभराने मार देतो, या एका घटनेत त्या शिक्षणपद्धतीचे सारे वर्तुळ दिसते. इतिहासाने लक्ष द्यावयाचे ते येथे.

शिवाय ताकानोहाना एकटा नाही. त्याचा समकालीन आकेबोनो हा पहिला परदेशी योकोझुना. २००३ मध्ये तो संस्था सोडून मुष्टियुद्धाच्या व्यावसायिक मंचावर गेला, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या रात्री पहिल्याच फेरीत सर्वांदेखत कोसळला. २०१७ पासून तो दुर्धर आजाराने खिळला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये चोपन्नाव्या वर्षी वारला. २५ विजेतेपदांचा असाशोर्यू २०१० मध्ये आखाड्याबाहेरील मारहाणीच्या प्रकरणात निवृत्त झाला. तोत्तोरीच्या बैठकीत हजर असलेला हाकुहो ४५ विजेतेपदांचा विक्रम करून २०२१ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा त्याला एका पिढीपुरत्या ज्येष्ठपदाचा मान मिळाला नाही. २०२४ मध्ये त्याच्या तालमीतील एका मल्लाने कनिष्ठांवर केलेल्या हिंसेमुळे त्याचीही श्रेणी उतरवली गेली आणि तालीम दुसऱ्या तालमीत विलीन झाली. २०२५ च्या जूनमध्ये त्यानेही संस्था सोडली. गेल्या अर्धशतकातील सर्वांत यशस्वी मल्लांपैकी इतके जण संस्थेबाहेर जातात, तेव्हा दोष केवळ स्वभावाचा असू शकत नाही. ज्या पदावरून खाली येता येत नाही असे पद एखाद्याला तारुण्यात द्यायचे, आणि तिशी-पस्तिशीनंतर त्याच्याकडून आज्ञाधारक सहकाऱ्याची अपेक्षा करायची, या रचनेतच विसंगती आहे.

तरीही या पंधरा वर्षांच्या संघर्षातून काहीच निष्पन्न झाले नाही असे म्हणता येणार नाही. ताकानोहाना बाहेर पडल्यानंतर महिना उलटण्याच्या आत, २५ ऑक्टोबर २०१८ रोजी, संस्थेने हिंसेशी कायमची फारकत घेत असल्याची जाहीर घोषणा केली. मारहाणीच्या शिक्षांचे निकष ठरले. २०२४ मध्ये हाकुहोसारख्या मल्लाच्या तालमीवर जी कारवाई झाली, ती या नव्या व्यवस्थेखाली. घरातली मारहाण घरात मिटवण्याचा जुना न्याय तोत्तोरीच्या प्रकरणानंतर पूर्वीच्या निश्चिंतपणे चालू शकला नाही. ज्याने तो मोडला त्याला संस्थेने आपल्यात ठेवले नाही, आणि त्याच्या स्वतःच्या घरातही तो पुरता मोडला गेला नव्हता. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्यांपैकी एकाचा आधार घेऊन दुसऱ्याकडे पाठ फिरवली तर हाती एक स्तोत्र येईल किंवा एक आरोपपत्र. इतिहास येणार नाही.